नमुना क्रमांक एक

पाच बाटल्या नेल्या होत्या. चार भरून आल्या.
त्या आता सातवी ब च्या खिडकीत उभ्या आहेत:
लोणच्याची एक, खोबरेल तेलाची एक,
दोन कोकम सरबताच्या, गळ्यात दोरा आणि नंबर.
उन्हं कलली की भिंतीवर त्यांचे रंग पडतात
आणि शेवटच्या बाकावरची पोरं नाक धरतात,
झाकणं घट्ट आहेत तरी.

डिसेंबरातल्या शनिवारी निघालो होतो
कळंब्याच्या सांडव्याखालून पंचगंगेपर्यंत, पायी.
एकोणचाळीस मुलं, दोन शिक्षिका, शिपाई दगडूमामा,
आणि प्रत्येकाच्या हातात माझ्या अक्षरातला तक्ता:
रंग. वास. जीव.
पहिल्या थांब्यावर वासाच्या रकान्यात
वेदिका आवळेनं लिहिलं, "काही नाही."
मग खोडून लिहिलं, "पाण्याचा."

खाली उतरत गेलो तसे रकाने भरत गेले.
साबण. शिळं वरण. मेणकापड जाळल्यावर येतो तो.
रणवीर खोतनं लिहिलं, "आमच्या काकांच्या गॅरेजचा,"
आणि पुढं काकांचं नाव, मोबाइल नंबरासकट.

एका मोरीपाशी पाइप फेस ओतत होता.
"हा कुणाचा बरं?" मी विचारलं,
फळ्यापुढं उभं राहून विचारतात तशा आवाजात.
कुणी बोलेना.
मग स्वराली मगदूमनं मान वर केली.
"बाई, वर तुमचीच गॅलरी दिसतीया की.
तुमचा गुलाबी गाऊन वाळत हाय."

मुलं हसली. मीही हसले, थोडी उशिरा.
फेस उतरतच होता, निळसर,
माझ्या सकाळच्या धुण्याचा.
तीन नंबरची बाटली तिथंच भरली.
तक्त्यात "स्रोत" असा रकाना नव्हता,
तो मी पेनानं आखला, पट्टीशिवाय, वाकडा.

हुतात्मा पार्कापाशी मोजणी केली: अडतीस.
पुन्हा केली. अडतीस.
अफान मुजावर नव्हता
आणि एक नंबरची बाटली नव्हती.
दगडूमामा रिक्षा करून उलटे गेले.
मी पुलाच्या कठड्याला धरून
त्याच्या आईला सांगायचं वाक्य
जुळवत होते, मोडत होते.

पाऊण तासानं रिक्षातून उतरला,
गुडघ्यापर्यंत चिखल, रिकामी बाटली पोटाशी.
आधी ओरडले. मग विचारलं.

"आत एक बारकं हुतं, बाई. सहा पायांचं.
मोठं झाल्यावर चतुर हुतंय म्हणून तुम्हीच सांगितलासा.
मोरीपाशी पाणी बघितलं आणि वाटलं,
ह्येला कशाला खाली न्यायचं."

"मग इथंच सोडायचं होतंस, एवढं लांब..."
असं म्हणायला तोंड उघडलं,
खाली बघितलं,
आणि मिटलं.

घाटावर पोचलो तेव्हा म्हशी पाण्याबाहेर निघत होत्या.
पाच नद्यांची नावं म्हणून घेतली:
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि सरस्वती, ती गुप्त आहे, दिसत नाही.
"जयंतीबी गुप्तच की," रणवीर म्हणाला.
"जिथं तिथं पाटीवर नाला लिवलंय."
मी काही उत्तर दिलं नाही.
सगळ्यांनी लाडू खाल्ले. कागद मोजून पिशवीत परत घेतले.

मुख्याध्यापक म्हणतात, पहिल्या नमुन्याशिवाय
तुलना कशाशी करणार, अहवाल अपुरा आहे,
सवडीनं जाऊन एक बाटली भरून आणा.
मी त्यांना अफानचा तक्ता दाखवला.
जीव, या रकान्यात एवढंच:
"हाय. परत सोडला."
शुद्धलेखन दुरुस्त केलेलं नाही.

आणि रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे.
विषयपत्रिकेवर पार्किंग, जिन्याचं रंगकाम, आयत्या वेळचे विषय.
तीन नंबरची बाटली पिशवीत घालून ठेवलीय,
झाकण जरा सैल करून.